नोंदीबाहेर

मी त्यांची लघुलेखिका. सव्वीस वर्षं
त्यांच्या उजव्या हाताला, दोन पायऱ्या खाली,
तिपाईवरच्या यंत्रावर बोटं ठेवून बसले.
तिथे जे बोललं जातं तेवढंच माझं.
साक्षीदाराने नुसती मान हलवली तर ते म्हणायचे,
"तोंडाने सांगा. मार्गोबाईंना मान टाइप करता येत नाही."

म्हणून हे सगळं नोंदीबाहेरचं.

रूबेन केस्किनेन. बाप लोखंडाच्या खाणीत,
आई फिनिश बोलायची, तेही मोजून.
ज्या घरात शनिवारी वाफेच्या खोलीत
चौघं तासभर गप्प बसत
त्या घरातला पोरगा वकील झाला,
तेव्हा शेजाऱ्यांना चेष्टा वाटली.
मग राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवलं, सिनेटने मान डोलावली,
आणि सनद आली तीत आडनावातलं एक अक्षर चुकलेलं.
त्यांनी ती तशीच भिंतीवर लावली.
नेमणूक मरेपर्यंतची.
"लग्नाच्या वेळी एवढी खात्री मला कुणी दिली नव्हती,"
आयलीन म्हणाली.

शहाण्याने चढू नये म्हणतात ती पायरी
ते रोज चढत, हातात डब्यातलं राईचं सँडविच.
बुडालेल्या बँका, पोस्टमनचं पेन्शन,
लांडग्यांना मारावं की राखावं,
दोन खनिजबोटींची धुक्यातली टक्कर.
वरच्या कोर्टाने निकाल फिरवला की
ते पान दोनदा वाचायचे, आणि दुसऱ्यांदा
बहुधा म्हणायचे, "बरोबर आहे त्यांचं."
खाली पुलातून बोट निघाली, भोंगा वाजला
की सुनावणी थांबायची.
ज्यूरीतले बारा जण खिडकीकडे बघायचे. तेही.
माझी बोटं रिकामी.

कोरी लाजुनेस, वय एकोणीस.
गाडी चुलतभावाची, डिकीतली पाकिटं चुलतभावाची,
चावी याच्या खिशात.
कायद्यात किमान दहा वर्षं.
नऊ वर्षं अकरा महिने म्हणायची सोय नाही.
तिसऱ्या बाकावर त्याची आई,
तपकिरी कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली,
जणू आत्ताच उठून जायचंय.
ते थांबले. भोंगा वाजला नव्हता.
मग म्हणाले: "कायद्याने मला दुसरी वाट ठेवलेली नाही."
हे मात्र नोंदीत आहे. पान एक्केचाळीस, ओळ सहा.

टेबलाच्या डाव्या खणात ते कार्डं ठेवत.
एकेका कार्डावर एक नाव आणि सुटकेची तारीख.
मी पाहिलं हे त्यांना ठाऊक होतं.
आम्ही त्यावर बोललो नाही.

नागरिकत्वाची शपथ असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी
मला थांबवून घेत. यादी पुढ्यात.
सोमालियाची, लाओसची, युक्रेनची नावं.
माझ्या यंत्राला स्पेलिंग कळत नाही, फक्त उच्चार;
मी दूतावासात फोन करून विचारलेले आवाज टिपून ठेवायची,
ते पुन्हा पुन्हा म्हणायचे, शाळकरी पोरासारखे,
काचेवर अंधार पडेपर्यंत.
"उद्या तरी," म्हणायचे, "कुणाचं नाव चुकायला नको."

पंचाहत्तरीला निवृत्त नाही झाले, नुसते 'ज्येष्ठ' झाले:
खटले निम्मे, पायऱ्या तेवढ्याच.

त्या मार्चमध्ये एक कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आले.
तारीख कालची.
"याचं आता काय करतात?" त्यांनी विचारलं.
मला काय माहीत.
"ती दुपार वाच जरा."
मी जुनी घडी उलगडली, वाचली.
"त्याच्या आधी?"
काही नाही, म्हटलं. तुम्ही गप्प होतात.
"किती वेळ?"
यंत्र ते मोजत नाही, रूबेन.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना नावाने हाक मारली.

ते उभे राहिले. तळ्यावरचा बर्फ
अजून धक्क्यापर्यंत होता, बोटी सुरू व्हायला
आठवडा तरी लागणार होता.
कार्ड त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं, पालथं,
आणि कोट विसरून गेले.